पाहिलेलें आणि ऐकलेलें

प्रवास करून आलेल्या माणसाभोंवतीं चार माणसें जमावीं आणि त्यानें त्यांस दूरदेशच्या नवलाच्या गोष्टी सांगाव्या, ही रीत मनुष्यजातीइतकीच जुनी असावी. पूर्वीं काशीयात्रेहून परतलेल्या माणसाच्या ओटीवर सारा गांव लोटत असे. आज त्या ओट्या राहिल्या नाहींत, पण सांगण्याची हौस तिळभर कमी झालेली नाहीं. टेंभी नाक्यावरून येतांना बसमध्यें किंवा रिक्षांत कान उघडे ठेवले, तर कोणी बँकॉकच्या मत्स्यालयाविषयीं सांगत असतो, कोणी केनियांतील सिंहांविषयीं. आणि ज्यास कोठेंच जावयास मिळालें नाहीं तोहि खिशांतून मोबाईल काढून पांच फण्यांच्या नागाचें चित्र शेजाऱ्यास दाखवितो. विद्यार्थ्यांच्या सुटीवरील निबंधांतहि हल्लीं सिंगापूर व दुबई यांचा सुकाळ झाला आहे.

याविषयीं मला मुळींच खेद नाहीं. मुलांनीं जग पाहावें, निदान ज्यांनीं पाहिलें त्यांच्याकडून ऐकावें, हें इष्टच आहे. माझें म्हणणें निराळें आहे. सांगणारानें ‘हें मीं पाहिलें’ आणि ‘हें मीं ऐकलें’ या दोन वाक्यांमधील भिंत पाडूं नये. आणि ऐकणारानेंहि ती भिंत कोठें उभी आहे हें विचारल्यावांचून राहूं नये. या मताच्या पुष्टीसाठीं दूरचे दाखले धुंडाळण्याचें कारण नाहीं. कारण आपलें ठाणें शहरच एके काळीं परदेशांत सांगितल्या जाणाऱ्या नवलकथांचा विषय होऊन बसलें होतें.

इटलींतील पोर्देनोने या गांवचे ओदोरिक नांवाचे एक फ्रान्सिस्कन साधु चौदाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभीं होर्मुझ बंदरांतून निघाले आणि अठ्ठावीस दिवसांनीं ठाण्यास उतरले. ज्या गलबतांतून ते आले त्यांत लोखंडाचा एकहि खिळा नव्हता. फळ्या दोरानें शिवलेल्या होत्या. येथून पुढें ते चीनपर्यंत गेले, आणि स्वदेशीं परतल्यावर सन १३३० मध्यें पादुआ शहरीं त्यांनीं आपला सारा प्रवास एका साधुबंधूस तोंडी सांगितला. त्यानें तो लिहून घेतला. पुढच्याच वर्षीं ओदोरिक वारले. या वृत्तांतांत ठाण्याविषयीं जो मजकूर आहे त्याचा मथितार्थ असा: तेथें अन्नधान्याची समृद्धि आहे, तें पूर्वीं शिकंदराशीं लढलेल्या पोरस राजाचें नगर होतें, तेथें काळे सिंह फार आहेत, वानर आहेत, कबुतराएवढीं वटवाघळें आहेत, आणि कुत्र्याएवढे उंदीर आहेत, ते इतके मोठे कीं मांजरांचा त्यांच्यापुढें कांहीं उपाय चालत नाहीं, म्हणून लोक ते कुत्र्यांकडून मारवितात.

युरोपांतील वाचकानें सहाशें वर्षें ही यादी वाचून मान हालविली असेल. पण ठाणेंकरानें ती वाचतांना थोडें हसावें आणि मग विचार करावा. कुत्र्याएवढा उंदीर म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपली घूस! बाजारपेठेच्या मागच्या गटारांत रात्रीं जिनें घूस पळतांना पाहिली आहे, किंवा जुन्या चाळींत जिच्या न्हाणीची फरशी घुशींनीं पोखरली आहे, अशा कोणत्याहि गृहिणीस विचारा. मांजर घुशीच्या वाटेस जात नाहीं हें ती शपथेवर सांगेल. किलोभर वजनाचा तो प्राणी, घरांतील चिमुकल्या उंदरांशींच ज्याचा परिचय, अशा इटालियन माणसास कुत्र्याच्या पिलाएवढा वाटला यांत नवल तें काय? वटवाघळांविषयीं तर साधुमहाराजांनीं हात राखूनच सांगितलें आहे. आपल्याकडील मोठ्या वटवाघळाचे पंख पसरले असतां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक मीटरहून अधिक भरतात. कबुतराची ती योग्यताच नव्हे. वानरांविषयीं येऊरच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांस सांगावयास नको.

राहिले काळे सिंह आणि पोरस राजा. काळा सिंह पृथ्वीवर कोठेंहि नाहीं. काळा बिबट्या मात्र सह्याद्रींत आहे. तेव्हां कोणा शिकाऱ्याच्या तोंडच्या काळ्या बिबट्याचा भाषांतर होतां होतां सिंह झाला असावा, असें माझें मत आहे. पोरसाची गोष्ट त्याहून स्पष्ट आहे. शिकंदर व पोरस यांची लढाई इसवी सनापूर्वीं ३२६ मध्यें पंजाबांत झेलमच्या तीरीं झाली. ठाण्याच्या खाडीचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. ही माहिती त्यांस धक्क्यावरील कोणा बोलक्या माणसानें दिली, किंवा घरून निघतांनाच ती त्यांच्या डोक्यांत होती. आतां फरक पाहा. जें त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलें, तें सातशें वर्षांनंतरहि ताडून पाहतां येतें आणि खरें ठरतें. जें कानावरून गेलें, तें पहिल्याच धक्क्यास कोसळतें. आणि वृत्तांत लिहून घेणारानें दोन्ही एकाच शाईनें लिहिलीं!

ओदोरिकांच्याहि आधीं, सन १३२१ मध्यें, जॉर्दानुस नांवाचे एक डोमिनिकन धर्मगुरु चार फ्रान्सिस्कन साधूंसह ठाण्यास आले होते. ते चारहि साधु त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत येथें आपल्या विश्वासासाठीं मारले गेले. जॉर्दानुस त्या वेळीं बाहेरगांवीं होते म्हणून वांचले. त्यांनीं आपल्या सोबत्यांस सोपाऱ्यास नेऊन पुरलें. पुढें ओदोरिकांनीं त्यांच्या अस्थि चीनला नेल्या. ही हकीकत ठाण्याच्या ख्रिस्ती घरांतून अनेकांस ठाऊक आहे. परंतु याच जॉर्दानुसांनीं पूर्वेकडील आश्चर्यांविषयीं लॅटिन भाषेंत एक छोटें पुस्तक लिहिलें, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. त्यांत आपला फणस आहे, आणि त्याचें एक फळ पांच माणसांस पुरतें असें मापहि दिलें आहे. आंबा आहे. नारळ आहे. दिवसां झाडास उलटीं लटकणारीं व दुरून फळांसारखीं दिसणारीं वटवाघळें आहेत; सायंकाळीं आमराईजवळ उभें राहून ज्यानें तीं पाहिलीं त्यासच तसें लिहितां येईल.

परंतु मला त्या पुस्तकांतील सर्वांत मोलाचें वाटतें तें एक वेगळेंच स्थळ. हिंदुस्थानचे तीन भाग कल्पून तिसऱ्या, दूरच्या भागाकडे वळतांना जॉर्दानुस स्वच्छ सांगतात कीं तेथें मी गेलों नाहीं. तेथील नवलें मीं पाहिलेलीं नाहींत, भरंवशाच्या माणसांकडून ऐकलीं आहेत. आणि मग डोक्यावर तेजस्वी रत्न धारण करणारे महासर्प वगैरे कथा येतात. आपल्या आजीबाईंच्या नागमण्याची बहीणच ती! हा सर्प खोटा आहे. पण जॉर्दानुस खोटे नाहींत. त्यांनीं वाचकाच्या हातीं दिवा देऊन ठेविला आहे, आणि त्या उजेडांत सर्प कितपत खरा हें वाचकानें आपलें आपण पाहावें.

असाच दाखला कल्याणकरांच्या वाट्यासहि आला आहे. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास नांवाच्या व्यापाऱ्यानें आपल्या ग्रंथांत कल्लियाना या बंदराचा व तेथील ख्रिस्ती मंडळीचा उल्लेख केला आहे. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण असें बहुतेक विद्वान् मानतात. हा गृहस्थ प्राण्यांविषयीं कसा लिहितो पाहा. गेंडा त्यानें पाहिला, पण दुरून, आणि दुरून हें तो सांगतो. पाणघोडा पाहिला नाहीं. मात्र त्याचे दांत आपण विकले, असें व्यापाऱ्याच्या प्रामाणिकपणानें लिहितो. एकशिंगी घोड्याविषयीं तर तो म्हणतो कीं प्राणी मीं पाहिला नाहीं, इथिओपियाच्या राजाच्या वाड्यावर त्याच्या चार पितळी मूर्ति मात्र पाहिल्या. हाच कॉस्मास पृथ्वी पेटीच्या आकाराची आहे असें हट्टानें प्रतिपादीत असे, आणि त्याबद्दल विद्वानांनीं त्याची पुष्कळ थट्टा केली. त्याचा तर्क बुडाला. त्याची नजर तरली.

आतां दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे वळूं. सर जॉन मँडेव्हिल या नांवानें चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक प्रवासग्रंथ युरोपभर गाजला. त्यांतील हिंदुस्थानाविषयींचा बराचसा मजकूर ओदोरिकांच्या वृत्तांतावरून उचललेला आहे. त्यांतहि एक बेट आहे, आणि त्या बेटावर शिकारी कुत्र्यांएवढे उंदीर आहेत! म्हणजे ठाण्याची घूस ठाणें न पाहतां चोरीस गेली. वाईट वाटतें तें पुढेंच: हें पुस्तक मूळ ओदोरिकांच्या वृत्तांतापेक्षां कितीतरी अधिक लोकांनीं वाचलें. कारण ज्यास पाहिल्याचें ओझें नसतें त्यास सजविण्याची मोकळीक असते.

शिक्षकास हे मँडेव्हिल वर्षांतून दोनदां तरी भेटतात. स्वित्झर्लंडास जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्यानें तीन पानें निबंध लिहिला. पर्वताची उंची फुटांत, सरोवराची लांबी मैलांत, सारें कसें टापटिपीचें. आणि सारें कोठून तरी उतरविलेलें. वर्गांत सहज विचारलें, “बाळ, तूं स्वतः तेथें काय पाहिलेंस?” मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला कीं तेथील गाईंच्या गळ्यांत भल्यामोठ्या घंटा असतात, आणि आम्ही उतरलों होतों त्या घरामागें गाई चरत असल्यामुळें पहाटे झोंप लागत नसे. त्या एका वाक्यासरशीं सारा वर्ग त्या घरांत जाऊन पोंचला. तें वाक्य निबंधांत नव्हतें. आईबापांनींहि येथें थोडा विचार करावा. मुलानें सहलीहून आल्यावर ‘कायकाय केलें’ याची पाहुण्यांपुढें पोपटपंची करावी, अशी आपणच अपेक्षा करतों; मग तें बिचारें माहितीपत्रक पाठ करतें.

यावर कोणी म्हणतील, मास्तर, अशानें गोष्टीची गोडीच जाईल. जो तो साक्षीपुरावा मागूं लागला तर नवल उरणार नाहीं. मला तसें वाटत नाहीं. शिवाय अविश्वास हाहि एक आळसच आहे. सन १७९९ मध्यें इंग्लंडांत जॉर्ज शॉ नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञापुढें ऑस्ट्रेलियांतून आलेलें प्लॅटिपसचें कातडें ठेवण्यांत आलें. चार पाय, अंगावर केस, आणि चोंच बदकाची! कोणा लबाडानें चोंच शिवून बसविली असेल असा संशय त्यास आला, तेव्हां त्यानें तें बारकाईनें तपासलें. संशय घेतला हें ठीक. तपासलें हें त्याहून ठीक. आणि प्राणी खरा निघाला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याची गोष्ट तर प्रत्येक भूगोलशिक्षकानें वर्गांत सांगावी. आफ्रिका खंडास वळसा घालून आलेल्या फिनीशियन खलाशांनीं सांगितलें कीं पश्चिमेकडे जातांना सूर्य आमच्या उजव्या हातास होता. हिरोडोटस लिहितो, हें मला खरें वाटत नाहीं, दुसऱ्या कोणास वाटल्यास वाटो. विद्यार्थिमित्रहो, विषुववृत्ताच्या दक्षिणेस दूर जाऊन पश्चिमेकडे तोंड केलें असतां दुपारचा सूर्य उत्तरेस, म्हणजे उजव्या हातासच, असणार! जें त्यास अशक्य वाटलें, तेंच त्या खलाशांच्या खरेपणाचें आज आपल्याजवळचें उत्तम प्रमाण आहे. न पटलेली गोष्ट त्यानें गाळली असती तर तें आपणांस मिळालें नसतें.

मराठींतहि असे साक्षीदार झाले आहेत. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे सन १८५७ मध्यें दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळींत सांपडले. झांशीला वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. त्यांच्या पुस्तकांत ऐकीव भागहि आहे, पण वेढ्यांतील भूक, भीति आणि आग हीं त्यांच्या अंगावरून गेलेलीं आहेत. कल्याणास जन्मलेले चिंतामणराव वैद्य यांनीं सन १९०७ मध्यें ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, परंतु त्यांत स्वतःचे फेरफार करून. मूळ मजकूर वाचकांपुढें यावयास सन १९६६ उजाडलें. साक्षीदाराच्या शब्दांस हात लावण्याचा मोह चांगल्या माणसांसहि आवरत नाहीं, तो असा. कल्याणच्याच आनंदीबाई जोशी सन १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या व १८८६ च्या मार्चमध्यें डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. रमाबाईंनीं पुढें सन १८८९ मध्यें अमेरिकेविषयीं मराठींत पुस्तक लिहिलें. तेथील स्त्रियांचें शिक्षण व उद्योग यांची त्यांनीं मनापासून स्तुति केली, आणि काळ्या लोकांस मिळणारी वागणूकहि झांकून ठेविली नाहीं. तें पुस्तक ज्या स्त्रियांच्या हातीं पडलें असेल, त्यांपैकीं किती जणींस समुद्र ओलांडावयास मिळणार होता? त्यांच्यापुरती अमेरिका म्हणजे रमाबाईंचा शब्द. जो स्वतः जाऊन ताडून पाहूं शकत नाहीं त्यास सांगतांना जबाबदारी कितीतरी पटींनीं वाढते.

आणि येथें एक जड गोष्ट सांगितल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. घुशीविषयीं थाप मारली तर घूस तक्रार करीत नाहीं. पण प्रवासकथांतून माणसांविषयींहि थापा मारल्या गेल्या आहेत. ठाण्याच्या घुशी इतक्या नेमक्या सांगणाऱ्या ओदोरिकांनींच पुढें निकोबारच्या लोकांस कुत्र्याचीं तोंडें आहेत असें सांगितलें. युरोप तें शतकानुशतकें वाचीत राहिला. तें जुनें झालें म्हणावें, तर ता. १ जुलै २०१८ चा दिवस आठवावा. धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं पांच भटके भिक्षेकरी बाजारच्या दिवशीं आले होते. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे, अशीं चित्रें व निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून हातोहात फिरत होते. जमावानें त्या पांचांस ठेंचून मारलें. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापुराकडील गरीब लोक होते. त्यांनीं कोणाचेंहि मूल पळविलें नव्हतें. टोळी डोळ्यांनीं पाहिलेला माणूस त्या जमावांत एकहि नव्हता. सर्वांनीं ऐकलें मात्र होतें. पालकहो, आपण जेवतांना सहज पुढें ढकललेला निरोप शेवटीं कोणाच्या दारीं जाऊन थडकतो, हें आपणांस दिसत नाहीं.

बरें, दूरच्या नवलांचा एवढा सोस असलेल्या आपणांस जवळचें तरी किती ठाऊक आहे? आपल्या खाडींत हिंवाळ्याच्या आरंभापासून उन्हाळा संपेपर्यंत रोहित पक्षी, ज्यांस कोणी अग्निपंख व बहुतेक जण फ्लेमिंगो म्हणतात, सहस्रावधि उतरतात. सन २०१५ मध्यें खाडीचा तो भाग त्यांच्यासाठीं अभयारण्य म्हणून राखला गेला, आणि २०२२ मध्यें जगांतील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादींत त्याचा समावेश झाला. परदेशचे पक्षिनिरीक्षक तेथें दुर्बिणी घेऊन येतात. वर्गांत विचारलें, हे पक्षी येतात कोठून? उत्तर एकमुखानें आलें: सैबेरियाहून! हें कोणी कोणास सांगितलें देव जाणे. ते मुख्यतः गुजराथेंतून, कच्छच्या रणाकडून येतात. जन्मतः पिल्लें करड्या रंगाचीं असतात. चिखलांतील सूक्ष्म शेवाळ व बारीक जलचर यांतील रंगद्रव्यामुळें पुढें पिसें गुलाबी होतात. चोंच उलटी धरून, जीभ दट्ट्याप्रमाणें हालवून, ते पाणी गाळतात व अन्न तेवढें ठेवतात. त्याच खाडीकांठीं मुंबई व नवी मुंबई यांचीं घरें, पूल व दिवे वर्षानुवर्षें वाढत आहेत. मे २०२४ मध्यें घाटकोपरावरून उतरणाऱ्या एका विमानाच्या वाटेंत एक थवा सांपडला आणि तीसचाळीस पक्षी एका रात्रींत मेले. ते कोठून कोठें चालले होते आणि त्या वेळीं हवेंत कां होते, हें शोधणाऱ्या अभ्यासकांस खाडीकांठच्या माणसांनीं तारीखवार लिहून ठेविलेल्या नोंदींचा उपयोग होतो. ऐकीव सैबेरियाचा होत नाहीं.

म्हणून पुढील वार्षिक अंकासाठीं मीं संपादकमंडळाकडे दोन पानें मागून घेतलीं आहेत. पान उभें दुभागलेलें असेल. डाव्या बाजूस ‘पाहिलें’, उजव्या बाजूस ‘ऐकलें’. मग तें झुरिच असो कीं जांभळी नाका. ज्याचा उजवा भाग मोठा भरेल त्यासहि कमी लेखलें जाणार नाहीं. जॉर्दानुसांचाहि भरला होता. तारीख, वेळ व स्थळ मात्र लिहावें, आणि छायाचित्र जोडलें तर तें कोणीं काढलें हेंहि.

खाडीपासून आरंभ करणारांसाठीं एक सूचना. ऐरोलीच्या बाजूनें जातांना ओहोटीची वेळ आधीं पाहून ठेवावी. भरती आली म्हणजे चिखल झांकला जातो, आणि पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सकडील पाणथळींत जाऊन उभे राहतात. मग काठावर उभे राहून पाणी तेवढें दिसतें.